वीतभर डावीकडे

३ नोव्हेंबर

कप्तान,

उशीर झाला, माफ कर. वहिनी गेल्याचं तुझं कार्ड आलं त्याला दोन वर्षं तरी झाली असतील. उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. पुष्कळदा बसलो. 'वाईट वाटलं' असं लिहिलं की ते अपुरं वाटायचं. 'तुझी काळजी वाटते' असं लिहिलं की तुझ्या घरात ते कोण वाचेल याची धास्ती. मग कागद फाडायचा. माझी भाची, जिच्याकडे मी आता राहतो, ती म्हणायची, "मामा, लोक पुस्तकं लिहून मोकळे होतात, तुझं एक कार्ड होत नाही." वहिनींनी मला एकदा पायमोजे विणून पाठवले होते. अजून घालतो. टाचा गेल्यात, रफू करून घेतल्यात. त्या चांगल्या होत्या, हे मी मनापासून लिहितो.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नसेल झालं तर हे तुला वाचून कोण दाखवतंय? नात असेल तर, मुली, इथपर्यंत वाचलंस, आभारी आहे. आता आजोबांना भिंग दे आणि पुढचं त्यांचं त्यांना वाचू दे. त्यात तुझ्या उपयोगाचं काही नाही.

तर झालं असं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक बाई रविवारी जुने पिक्चर दाखवतात. कॉलेजात शिकवतात, केस माझ्यापेक्षा आखूड. भाची म्हणाली, "चल." मी म्हटलं, "माझे पाहून झालेत." ती म्हणाली, "तू बॅनरवर त्यांची तोंडं रंगवलीस रे, पिक्चर कुठे पाहिलेस?" गेलो. जिन्याच्या टोकाला पाटी होती : 'गाजलेले चित्रपट, समलिंगी नजरेतून.' मी दोनदा वाचली आणि मागे वळलो. भाचीने दंड धरला. मी म्हटलं, "अगं, खोली चुकली." ती म्हणाली, "चुकली नाही. मी वाचूनच आणलंय तुला." तिने मला भिंतीकडची, पाठीला टेका असलेली खुर्ची धरून दिली. कप्तान, तिला कधीपासून माहीत आहे? आणि तिला माहीत आहे तर आणखी कोणाकोणाला? सगळा पिक्चरभर एक कान तिकडेच होता.

पिक्चर कोणता, तर आपला खलाशांचा. हिरो आणि त्याचा दोस्त एकाच बोटीवर. हिरोच्या शर्टाचं बटण तुटतं, दोस्त ते त्याच्या अंगावरच शिवतो आणि शेवटी वाकून दातांनी दोरा तोडतो. तेव्हा त्या जागी सगळं थेटर गप्प व्हायचं, आठवतं? मला वाटायचं, मी एकटाच गप्प आहे, बाकीचे नुसते बघतायत. परवा त्याच जागी सगळी पोरं ओरडली. टाळ्या! एक जण म्हणाला, "अहो, शर्ट काढून शिवता येत नाही का?" खोली हसली. पण ते आपल्या ओळखीचं हसणं नव्हतं. घरातल्या कोणाचं तरी जमतंय हे कळल्यावर घरचे हसतात, तसलं. माझ्या पुढच्या रांगेत दोन मुलगे होते. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि तसंच ठेवलं. कोणी बघितलंसुद्धा नाही. मी मात्र पडदा सोडून त्यांनाच बघत बसलो. असं एक डोकं, असा एक खांदा, एवढ्या उजेडात.

शेवटी दोस्त हिरोच्या मांडीवर मरतो. हिरो त्याच्या कपाळावरून, नाकावरून बोट फिरवतो आणि ओठांपाशी थांबतो. हिरोईन मागे कंदील धरून उभी, बिचारी. दिवे लागल्यावर बाईंनी विचारलं, "दरवेळी दोस्तच का मरतो?" बाई म्हणाल्या, "तो जगला तर पिक्चर संपवणार कसा?"

ज्या मरणाला आपण रडायचो ते कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं होतं, आणि का ठरवलं होतं तेही मला या वयात कळलं.

त्या पिक्चरचं बॅनर आपण केलं होतं, विसरला नसशील. हिरो माझ्याकडे, दोस्त तुझ्याकडे, हिरोईन मालकाच्या मेव्हण्याकडे. शेड बुटकी, म्हणून तीन फ्रेमी तीन कप्प्यांत उभ्या, मध्ये गोणपाटाचे पडदे. एकत्र व्हायच्या त्या थेट चौकात, दोर लावून वर चढवल्यावरच. कोणाचं तोंड कोणाकडे ते तोवर कोणालाच दिसायचं नाही. हिरोने उजवीकडे हिरोईनकडे बघायचं होतं आणि दोस्ताने समोर, लोकांकडे. वर चढल्यावर दिसलं काय, तर हिरो बघतोय डावीकडे दोस्ताला आणि दोस्त बघतोय हिरोला. हिरोईनकडे कोणीच नाही. तू म्हणालास, "चुकलं वाटतं." मी म्हणालो, "हो, चुकलं." मालक म्हणाला, "रंग झकास आलाय, राहू दे. एवढ्या उंचावर बुबुळं कोण बघतं?"

ते सगळं परवा आठवलं. सहज लिहिलं. तब्येत कळव.

तुझा,
ससा

(हे नाव तूच दिलेलं. परांचीवर माझे गुडघे लटलटायचे आणि तू बोटीच्या डेकवर असल्यासारखा चालायचास.)


१७ नोव्हेंबर

कप्तान,

पहिलं पत्र पोहोचलं असेल, नसेलही. उत्तराची वाट न बघता दुसरं लिहितोय, कारण जे पाहिलं ते तुला न सांगता मला जेवण गोड लागणार नाही.

काल चोर-पोलिसांचा पिक्चर होता. मी जाणारच नव्हतो. म्हटलं, यात आपल्यासारख्यांचं काय असणार, नुसती पळापळ. भाची म्हणाली, "घरी बसून काय करणार आहेस, माझ्या भांड्यांचे आवाज ऐकणार?" गेलो. मध्यंतरानंतर चोर गल्लीतून पळतो, टोपल्या पाडत. गल्ली मला ओळखीची वाटली. मग तो चौकात येतो आणि कॅमेरा त्याच्या मागून वर बघतो. कप्तान! वर आपलं बॅनर!

मी ओरडलो. खरंच ओरडलो, मी, ज्याने आयुष्यात बसमध्ये 'थांबवा' असं मोठ्याने म्हटलेलं नाही. बाईंनी पिक्चर थांबवला. हल्ली थांबवता येतो, बोटाने. सगळं जागच्या जागी उभं राहिलं : चोराचा एक पाय हवेत, आणि त्याच्या मागे आख्खं आकाश भरून ती दोन तोंडं एकमेकांकडे बघत.

शूटिंगवाले आले होते ते आठवतं का? मालकाने आपल्याला पुढे जाऊ दिलं नाही, म्हणाला, कामं पडलीत. तेव्हा त्यांनी ते टिपून नेलं आणि आपल्याला पत्ता नाही. ते कापड केव्हाच फाटलं असेल, कोणाच्या तरी छपरावर ताडपत्री म्हणून गेलं असेल. पण तो पिक्चर गावोगाव लागला. किती लोकांनी पाहिला! चोर सापडतो की नाही या काळजीत सगळे, आणि त्याच्या डोक्यावर आपलं ते. इतकी वर्षं ते सगळ्यांच्या समोर होतं. लपवलेलं नव्हतं, अंधारात नव्हतं. भर दुपारी, चौकात.

बाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, "हिरोईनकडे कोणीच बघत नाहीये." मग वळून मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला काय झालं?"

मी म्हटलं, "तो हिरो मी रंगवलाय."

पोरं उठून माझ्याभोवती आली. एका मुलीने माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, जणू त्याला अजून रंग असेल. "आणि दुसरा?" तिने विचारलं. "दुसरा कोणी रंगवला?"

मी म्हटलं, "होता एक जण."

तुझं नाव सांगितलं नाही. घाबरू नकोस. तुझ्या मुलासुनेच्या घरी कोणी येऊन दार वाजवणार नाही.

आता खरं ते लिहितो. गेल्या पत्रात 'चुकलं' असं लिहिलं, तेव्हाही तेच म्हणालो होतो. माझं चुकलं नव्हतं. फोटोत हिरोची बुबुळं उजवीकडे होती. खडूचे चौकोन आखून झालेले, घरं मोजलेली, चुकायला जागाच नव्हती. मी ती वीतभर डावीकडे सरकवली, कारण डावीकडच्या कप्प्यात तू काम करत होतास. गोणपाटाच्या फटीतून तुझी कोपरं दिसायची, निळ्या रंगाने माखलेली. तुला सांगायची छाती नव्हती. म्हटलं, हा एवढा मोठा माणूस रंगवतोय, तो तरी बघेल.

त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण तुझ्या दोस्ताने समोर बघायचं होतं. तो हिरोकडे कसा काय वळला? इतकी वर्षं मी मनाची समजूत घालतोय, कप्तानकडून चुकून झालं असेल, उजेड कमी होता, फोटो धुरकट होता. काल ते एवढं मोठं थांबलेलं बघितल्यावर समजूत पटेना. इतकं नेमकं चुकून होतं का?

एवढंच विचारायचं आहे. तू मुद्दाम केलंस का? 'नाही' म्हणालास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी चालवून घेईन.

ससा


८ डिसेंबर

कप्तान,

उत्तर नाही. रोज खाली जाऊन पत्रपेटी बघतो. पोस्टमन मला ओळखायला लागलाय. परवा म्हणाला, "काका, आलं की मी स्वतः वर आणून देईन, जिने चढू नका." म्हणजे माझ्या तोंडावर दिसतंय का?

तुझं काही बरंवाईट तर नाही ना? की रागावलास? राग आला असेल तर तोही कळव. दुसरं पत्र लिहून मी चूक केली असं वाटतं, आणि मग वाटतं, केली तर केली.

आज पिक्चरचंच लिहितो, त्यात तरी भांडणाला जागा नाही.

गेल्या रविवारी तो राजवाड्याचा लागला होता, ज्यात हिरोईन पुरुषाचे कपडे घालून पहारेकरी बनते. हिरोला तो पहारेकरी आवडायला लागतो. त्याची झोप उडते, तो तलवार चालवताना चुकतो, आरशासमोर उभा राहून स्वतःला शिव्या देतो. मग पगडी पडते, केस सुटतात, ती बाई निघते आणि हिरो सुटकेचा श्वास टाकतो. आपण त्या श्वासाला हसायचो. या पोरांनी काय केलं माहितीये? पगडी पडायच्या आधी सगळी एका सुरात ओरडली, "नको, नको, पडू नको!" मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता ध्यानात आलं की अर्धा तास, पगडी पडेपर्यंत, तो हिरो आपलाच होता. आख्ख्या देशाने तिकीट काढून बघितलेला. त्या नटाने ती आरशासमोरची तळमळ इतकी खरी केलीय की मला वाटलं, याला कोणी शिकवलं असेल?

आणि काल तो शिंप्याचा. हा मात्र मला बघवेल असं वाटलं नव्हतं. तो मुरडत चालणारा शिंपी, हिरोचं माप घेताना लाजणारा, ज्याला सगळे टपल्या मारतात. थेटरात त्याच्यावर सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्यांत मी असायचो. तूही हसायचास. शेजारच्याने आपल्याकडे वळून बघू नये म्हणून हसावंच लागायचं. आपल्यासाठी तेव्हा शब्द नव्हता, शिव्या तेवढ्या होत्या, आणि त्या शिंप्याला बघूनच लोक शिकायचे.

काल खोलीत कोणी हसलं नाही. त्यामुळे झालं काय, की तो माणूस पहिल्यांदा दिसला. टपल्या खाऊन झाल्यावर, सगळे निघून गेल्यावर, कॅमेरा विसरल्यासारखा त्याच्यावर जरासा राहतो. तो जमिनीवर पडलेलं कापड उचलतो, झटकतो आणि घडी घालतो. काठाला काठ मिळवून, हाताने इस्त्री केल्यासारखं सपाट करत. चेहऱ्यावर रडणं नाही, लाजणं नाही. राजाने तलवार म्यान करावी तसं ते कापड तो फळीवर ठेवतो. मी हात जोडले, खुर्चीतच. असला नट, आणि आपण त्याच्यावर शेंगांची टरफलं फेकली. भाचीने बघितलं मी हात जोडलेले. तिने नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येताना तिने विचारलं, "मामा, तुझं उत्तर आलं का?" मी म्हटलं, "कसलं उत्तर?" ती म्हणाली, "बरं, नसेल सांगायचं तर नको. पण पाकिटावर पत्ता तू इतका जोरात लिहितोस की माझ्या टेबलावर उमटलाय."

बाई म्हणतात, त्या चौकाच्या तुकड्यावर एक दिवस मी बोलावं. मी नाही म्हटलं. त्यातला माझ्या वाटणीचा अर्धा भागच मला ठाऊक आहे, उरलेल्या अर्ध्यावर काय बोलणार?

भाचीच्या आग्रहाने तिचा फोन नंबर पाकिटामागे लिहिलाय. डोळ्यांना जप.

ससा


२१ डिसेंबर

कप्तान,

फोन ठेवून अजून चहासुद्धा निवला नाही तोवर लिहायला बसलोय. घाई आहे, अक्षर लावून घे. नात वाचत असेल तर, मुली, वाच बाई, आता तुझ्यापासून लपवायला काय राहिलं!

भाचीने फोन हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्यासाठी आहे." तू म्हणालास, "ससा?" तुझा आवाज जाडा झालाय. पण 'ससा' म्हणताना शेवट वर उचलायची सवय तीच आहे.

तू म्हणालास, "जिवंत आहेस का मेलास?"

मी म्हटलं, "हं."

"मोठ्याने बोल, माझा एक कान कामातून गेलाय. डोळा मात्र नवा बसवलाय. महिनाभर पट्टी होती, नात परीक्षेत, म्हणून पत्रं पडून राहिली. आणि काय रे, मुलीने वाचू नये असं लिहितात का कोणी? ते वाचल्यावर तर ती ओरडूनच वाचायला लागली. सून हातातलं काम टाकून येऊन बसली."

मागून तुझी नात म्हणत होती, "आजोबा, मुद्द्याचं बोला!" आणि तू तिला गप्प केलंस. मग मुद्द्याचं बोललास. ते मी इथे लिहून ठेवतो, कारण मी ते नीट ऐकलं की मनाने रचलं, हे तू मला वाचून सांगायचंस.

तू म्हणालास, "वेड्या, फ्रेमी बाहेर काढायच्या आदल्या दुपारी तू जेवायला गेला होतास. मी तुझ्या कप्प्यात पांढरा रंग घ्यायला आलो. बघतो तर तुझा हिरो डावीकडे बघतोय. डावीकडे मी. माझा दोस्त पलीकडे मठ्ठासारखा समोर तोंड करून उभा. मी म्हटलं, हा एवढा जीव तोडून बघतोय, तर याच्याकडे कोणी परत बघायला नको का? मग पुसली बुबुळं आणि नवी काढली. रंग ओला राहील म्हणून गोणपाटाने वारा घालत बसलो होतो."

कप्तान, मी या टोकाला खुर्ची शोधत होतो. ती मागेच होती, सापडेना.

मी कसाबसा म्हणालो, "मग चौकात 'चुकलं वाटतं' असं का म्हणालास?"

तू म्हणालास, "तू काहीतरी बोलावंस म्हणून. तू म्हणालास, हो, चुकलं. मग मी काय बोलणार?"

नात मागून म्हणाली, "फोन कट झाला का?" तू म्हणालास, "नाही, आहे तो."

मग तू विचारलंस, "तो तुकडा मला बघायचाय, या नव्या डोळ्याने. बाईंना सांग, जपून ठेवा. मी येऊ का?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कशाला उगाच त्रास."

तू म्हणालास, "बरं," आणि फोन ठेवलास.

भाची स्वयंपाकघरातून धावत आली. "मामा! काय बोललास हे?"

मी म्हटलं, "तोंडातून निघून गेलं गं. पाहुण्याला म्हणतात तसं."

"तो पाहुणा आहे का?"

"नाही."

"मग लाव परत."

तिने नंबर लावून दिला, मी कापला. पुन्हा लावून दिला, पुन्हा कापला. फोनवर माझ्या तोंडून भलतंच निघतं. शेवटी ती म्हणाली, "लिही बाबा, कागदावर तरी खरं बोलतोस," आणि कागद आणून दिला.

तर कप्तान, 'कशाला त्रास' हे माझं उत्तर नाही. ते खोड, पुस, वर पांढरा मार. माझं उत्तर असं आहे : ये. तुकडा बघायला ये आणि बघून झाल्यावरही लगेच निघू नकोस. इथे दोन जिने आहेत, कठडा भक्कम आहे, मध्ये टेकायला खिडकी आहे. भाचीने तिची शिवणाची खोली मोकळी करायला घेतलीय, मी नको म्हणायच्या आत. किती दिवस राहणार असं कोणी विचारणार नाही. मी तर नाहीच. रात्री गार होतं, गरम बनियन आण. साखर बंद असेल तर आधी सांग. कोणी सोबत येणार असेल तर तेही सांग, नात आली तर फारच बरं, तिला ती खोली आवडेल, तिथे सगळी तिच्याच वयाची असतात.

मी स्टेशनवर उतरवून घ्यायला येईन. मी तुला ओळखीन, पण तू मला ओळखशील का ही काळजी आहे. केस गेलेत, पाठ वाकलीय. दरवाजाजवळच उभा राहीन, हलणार नाही.

हे पत्र मिळाल्या मिळाल्या निघायचा दिवस कळव. नुसता दिवस लिहिलास तरी पुरे. नातीला फोन करायला सांगितलंस तर भाची उचलेल, मला उचलू देणार नाही म्हणते, आणि तेच बरं. पण लवकर कळव रे, कप्तान. आजच टाकतोय पेटीत.

तुझा,
ससा